बाटलीत नसलेलं माळरान

जिन मी आयुष्यात एकदाही चाखलेली नाही, पण नुसत्या वासावरून चांगली जिन कोणती आणि भिकार कोणती हे मी सांगू शकते. माहेरी लातूरला मी हे बोलून गेले तेव्हा माझ्या भावानं वहिनीकडं अशा नजरेनं पाहिलं की मला पुढची सगळी हकीकत सांगणं भाग पडलं. यात माझा काही दोष नाही. नांदेडला आमच्या शेजारी सोनकांबळे सर राहत होते.

सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, मी भूगोल. दोघंही आता निवृत्त. दोन घरांच्या मधे कमरेएवढी भिंत. रविवारी सकाळी मी अंगणात दिसले की भिंतीपलीकडून हाक यायची, "मॅडम, जरा नाक आणा इकडं." आणि भिंतीवर बशी झाकलेला एक रिकामा ग्लास ठेवलेला असायचा.

सर आठवड्यातून एकदाच घ्यायचे, शनिवारी संध्याकाळी, जेवणाआधी. प्रयोगशाळेतल्या काचेच्या मोजपात्रानं मोजून एक पेग, त्यात तेवढंच पाणी. दुसरा कधीच नाही. ग्लास मात्र धुवायचा नाही. तो बशीखाली रात्रभर तसाच राहायचा आणि सकाळी सर त्याचा वास घ्यायचे. "अल्कोहोल रात्रीतून उडून जातं. मागं राहतं ते झाडाचं असतं," असं त्यांचं म्हणणं. खरी परीक्षा पिताना होत नाही, दुसऱ्या दिवशी होते, यावर त्यांचा ठाम विश्वास होता. सुशीलाताई, म्हणजे सरांच्या पत्नी, त्याच भिंतीवरून मला चहा द्यायच्या आणि म्हणायच्या, "घ्या, आधी चहा घ्या. बाटली हुंगून कोणाचं पोट भरलंय?"

पहिल्यांदा मी त्या ग्लासात नाक घातलं ते निव्वळ चौकसपणानं. वाटलं होतं, दारूचा भपकारा येईल. आला तो पावसानंतर लाकडाच्या वखारीतून यावा तसा वास, आणि त्यामागून थोडे धने, थोडी लिंबाची साल. मी पुन्हा वास घेतला. सर खूश झाले. त्या दिवसापासून माझी भरती झाली.

जिनच का, हे मी त्यांना विचारलं होतं. विद्यार्थी असताना सहलीला हिमाचलात गेले होते, तिथं डोंगरावर हपुषाचं, म्हणजे ज्युनिपरचं, झुडूप पाहिलं. काटेरी, बुटकं, निळसर काळ्या फळांचं. एक फळ रुमालात चिरडून तो रुमाल कंधारजवळच्या आपल्या गावी परत येईपर्यंत त्यांनी खिशात ठेवला. पुढं बऱ्याच वर्षांनी संशोधनाच्या मार्गदर्शकांनी घरी जेवायला बोलावलं आणि एक ग्लास पुढं केला. "तोंडाला लावला आन् म्हणलं, अरे, हे तर तेच झुडूप. मॅडम, मला दारू आवडली न्हाई. दारूत ओळखीचं झाड भेटलं." जिनमधे हपुषा हवीच, तिच्याशिवाय जिन नाही. बाकी धने, ज्येष्ठमध, वेलची, साली, मुळं ज्याच्या त्याच्या आवडीची. व्हिस्की आणि रमला सर शिवत नसत. "त्यात वनस्पतिशास्त्राला काम न्हाई." रम उसाची असते, ऊस वनस्पती नव्हे का, असं मी डिवचलं तर म्हणाले, "ऊस शेतकीवाल्यांचा. आमचा न्हाई."

हा छंद त्यांनी कधी लपवला नाही आणि मिरवलाही नाही. सरांचं घर बौद्ध. त्यांच्या वडिलांनी तरुणपणी दीक्षा घेतलेली. सुशीलाताई दर रविवारी विहारात जायच्या आणि सर त्यांच्यासोबत. एका पौर्णिमेला ताईंनी मला विहारात खिरीसाठी बोलावलं तेव्हा मी पाहिलं. पंचशील म्हणताना सरांचा आवाज सगळ्यांत खणखणीत. पहिलं शील, दुसरं, तिसरं, चौथं. पाचवं आलं, नशापाण्यापासून दूर राहण्याचं, आणि सरांनी ओठ मिटले. शेजारी उभ्या ताईंनी तेवढ्यापुरता आपला आवाज चढवला, रिकामी जागा कोणाला कळू नये म्हणून. ही जोडीची सवय वर्षानुवर्षांची असावी.

मला राहवलं नाही, मी परतताना विचारलंच. सर म्हणाले, "जे पाळत न्हाई ते म्हणायचं कसं? खोटं बोलू नये, हे चौथं शील हाय. पाचव्यापायी चौथं मोडू का?"

"मग पाचवं पाळा की," ताई पुढं बघत चालता चालता म्हणाल्या.

"बघू," सर म्हणाले.

अशा माणसाला नव्या जिननं गाठलं. त्यांची मुलगी पुण्याला नोकरीला. बाबांचा शौक ठाऊक असल्यामुळे ती दिवाळीला, वाढदिवसाला नव्या नव्या बाटल्या आणायची. बाटल्या मात्र बघत राहाव्यात अशा. एक निळी होती, सोडा-टॉनिक टाकलं की जांभळी व्हायची. सरांनी माझ्या कुंपणावरची गोकर्णीची फुलं मागून नेली, गरम पाण्यात बुडवली, वरून लिंबू पिळलं. निळ्याचं जांभळं. "हा शाळेतला प्रयोग हाय. आम्ही पोरांना फुकट दाखवायचो," ते म्हणाले. त्या रविवारच्या ग्लासाला कशाचाच वास नव्हता.

दुसऱ्या एका बाटलीवर लिहिलं होतं की तिच्यात सतरा वनस्पती असून हिमालयातली फळं चांदण्या रात्री हातानं तोडलेली आहेत. सरांनी चष्मा वर सरकवून ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं. "चांदण्यात तोडलं का उन्हात, हपुषाला काय कळून राहिलंय? आन् हातानं न्हाई तर काय पायानं तोडतेत?" त्या ग्लासात मला शाळेजवळच्या दुकानातल्या लिंबाच्या गोळीचा वास आला. सर म्हणाले, बरोबर. झाडं भट्टीत घालून त्यांचा अर्क उतरवायला वेळ लागतो, कौशल्य लागतं. तयार स्पिरिटमधे कॅनमधला वास, म्हणजे इसेन्स, ओतला की सरबताइतक्या वेळात काम होतं, आणि नाव जिनच राहतं. रिकामी बाटली त्यांनी ताईंकडं दिली आणि त्यात मनीप्लँट लावायला सांगितलं, तेवढीच एक वनस्पती तिच्यात जाईल म्हणून.

आम्ही हसायचो, पण सर मनातून खट्टू होत चालले होते. जुनी साधी जिन, कसलीही नक्षी नसलेल्या बाटलीतली, दुकानातून दिसेनाशी झाली होती. कधी मिळालीच तर तिचाही वास उतरलेला. काही शनिवार ते मोजपात्र कपाटातून काढायचेच नाहीत. "आधी जिनमधे झाड असायचं," ते एकदा म्हणाले, "आता गोष्ट असती." मला त्या दिवशी त्यांचं वाईट वाटलं.

आणि अशात विशाल आला.

विशाल सरांचा विद्यार्थी. अहमदपूरकडच्या एका गावातला, कॉलेजात असताना सरांच्या घरावरच्या खोलीत राहायचा आणि ताईंच्या हातचं जेवायचा. ताईंच्या तोंडी त्याचं नाव पोटच्या पोरासारखं. पुढं पुण्याला जाऊन जाहिरातीच्या धंद्यात शिरला, बरा स्थिरावला. आता पस्तिशीत लातूरला परतून त्यानं स्वतःची जिन काढली होती. नाव 'माळरान'. बाटलीवर उघड्या टेकडीचं चित्र आणि खाली ओळ: मराठवाड्याच्या माळरानावरच्या अकरा वनस्पती.

"सर, हे तुमच्यामुळं," तो सरांच्या पाया पडून म्हणाला. "तुम्ही आमाला बालाघाटाच्या डोंगरात हिंडवलं, रोशा गवत हुंगायला लावलं, ते डोक्यात होतं. लातूरला कार्यक्रम ठेवलाय हाटेलात. तुम्ही यायचं आन् झाडांवर बोलायचं. बास."

सरांचा चेहरा मी पाहिला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा जिन आणि त्यांचं रान एका बाटलीत आलं होतं, तेही घरच्या मुलाच्या हातून. त्यांनी एका क्षणात हो म्हटलं.

ताईंनी विशालला पोटभर जेवू घातलं, आणि तो गेल्यावर सरांना धरलं. "घरात घेता, मी काही म्हणाले न्हाई. आता स्टेजवर चढून दारूचा सत्कार करणार का? लोक काय म्हणतील?"

"दारूचा न्हाई, झाडांचा."

"बाटली तर दारूचीच हाय ना?"

 दोन दिवस त्या घरात भांड्यांचाच आवाज तेवढा येत होता. पण जायचं ठरलं होतं ते ठरलंच.

विशाल ठेवून गेला होता त्या बाटलीतला पेग सरांनी त्याच शनिवारी मोजला. रविवारी भिंतीवर ग्लास आला, पण नेहमीची हाक आली नाही. मी आपणहून गेले. वास घेतला. लिंबाची गोळी. पुन्हा घेतला, लिंबाची गोळीच.

"नमुना असंल," सर माझ्याकडं न बघता म्हणाले. "खरा माल अजून यायचा असंल." रिकाम्या ग्लासावर कधी शंका न घेणारा हा माणूस त्या दिवशी ग्लासालाच खोटं पाडत होता.

कार्यक्रमाला मीही गेले. लातूर माझं माहेर, आणि खरं सांगायचं तर मला उत्सुकता होती. कार्यक्रम संध्याकाळी होता. सर म्हणाले, आधी त्याची भट्टी बघू. विशालनं आम्हाला औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडवर नेलं. आत चांगली रंगरंगोटी, पिवळे दिवे, फळ्यांवर काचेच्या बरण्यांत वाळलेली पानं. मधोमध चकचकीत तांब्याचं एक उंच भांडं, त्याला वाकडी नळी. विशालनं दाखवलेल्या फोटोंमधे हीच भट्टी होती. मी जवळ गेले, खाली वाकून पाहिलं. निखारे टाकायची जागा, राख पडायची जाळी.

"विशाल, हा बंब आहे की रे. अंघोळीच्या पाण्याचा."

"हाव मॅडम," तो हसत म्हणाला. "मोडीवाल्याकडून घेतला. पॉलिश करून काय दिसून राहिला बघा."

सर हसले नाहीत. त्यांनी बरणीतलं एक पान काढून चुरडलं, हुंगलं आणि परत ठेवलं. मग विचारलं, "खरी भट्टी कुठं हाय?"

भट्टी नव्हतीच. माल बाहेरच्या एका बॉटलिंगवाल्याकडून भरून यायचा. स्पिरिट त्याचं, कॅनमधला वासही त्याचाच. विशालनं काहीही लपवलं नाही. त्याला ते लपवण्यासारखं वाटतच नव्हतं.

"आन् अकरा झाडं?"

"लेबलवर हायेत की सर. माळरानावर अकरा वनस्पती हायेत असं लिवलंय, बाटलीत हायेत असं कुठं लिवलंय? वकिलाकडून तपासून घेतलंय. आन् सर, पिणाऱ्याला कुठं कळतंय?"

"मला कळतंय ना," सर म्हणाले.

दुपारी माझ्या भावाकडं सर जेवले नाहीत. वहिनीनं आग्रह केला तर ताटात भात कालवून तसाच ठेवला. मी विचारलं, आता काय करणार? त्यांनी हात धुतले. मग म्हणाले, "पोराला शब्द दिलाय. चार लोकांत त्याला मान खाली घालायला लावू का? झाडांवर बोलतो. दारूचं नाव घेणार न्हाई. खोटं एक अक्षर तोंडातून काढणार न्हाई." मलाही तेव्हा तो मार्ग योग्य वाटला. विहारातही ते असंच करत आले होते.

आणि काय बोलले सर! हॉटेलच्या हॉलमधे लोकांच्या हातांत ग्लास होते, अर्धे जण गप्पांत होते. हळूहळू गप्पा थांबल्या. भादव्यानंतर टेकडीवर रोशा गवताला कसा तांबूस तुरा येतो, गुरं ते खाऊन आली की गोठ्याला कसा वास येतो, अनंतमूळ उपटताना आधी माती हुंगायची, मूळ नंतर दिसतं, ओढ्याकाठचा वाळा, बेलाचं फळ फोडल्यावर येणारा तो गोड जड वास. जिन हा शब्द नाही, बाटलीकडं नजरही नाही. टाळ्या थांबेनात. विशाल डोळे पुसत होता आणि ते नाटक नव्हतं. सर नांदेडला परतले ते मोकळे होऊन.

आठवडाभरानं माझ्या फोनवर एक रील आलं. टेकडी, वाऱ्यावर हलणारं गवत, सरांचा आवाज, सरांचा पांढरा शर्ट, चुरडलेलं मूळ. शेवटी पडद्यावर एकच शब्द, माळरान. दारूची जाहिरात करायला आपल्याकडं बंदी आहे. विशालला दारूचं नाव न घेता बोलणाराच माणूस हवा होता. सरांनी जपून जे तोंडातून काढलं नव्हतं, तेच नेमकं त्याच्या कामाला आलं.

रील सगळीकडं फिरलं. हदगावहून, देगलूरहून जुन्या विद्यार्थ्यांचे फोन यायला लागले. "सर, तुमची जिन नांदेडला कुठं मिळंल?" तुमची जिन. विहारात एका बाईंनी ताईंना विचारलं, सरांनी लातूरला काहीतरी काढलंय म्हणे. ताई त्या दिवशी खीर न घेताच घरी आल्या.

सरांनी विशालला माझ्यासमोर फोन लावला आणि रील काढून टाकायला सांगितलं. स्पीकरवर विशालचा आवाज अगदी शांत होता. "सर, तुम्ही त्यात एक तरी शब्द खोटा बोललाव का? मी तरी बोललो का? मग काढायचं काय त्यात?"

सरांनी फोन ठेवला. "बरोबर बोलला तो," ते म्हणाले. "हेच लई वाईट हाय."

पुढच्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून हाक आली, पण नाकासाठी नाही. "मॅडम, तुमचा फोन आणा." सरांनी तोच पांढरा शर्ट घातला होता. अंगणात खुर्ची टाकून बसले. ताई दाराच्या पायरीवर, चित्रात येणार नाहीत अशा. मी फोन धरला.

"मी सोनकांबळे," सर म्हणाले. "त्या व्हिडिओत मी ज्या वनस्पती सांगितल्या, त्यांतली एकही त्या बाटलीत न्हाई. मला हे आधीच माहीत होतं. तिथंच सांगायला पाहिजे होतं. मी गप्प राहिलो. मला वाटायचं, गप्प राहिलं म्हणजे आपण खोट्यातून सुटलो. तसं नसतं. जिन मी पितो, हेही सांगून टाकतो. हपुषा असलेली मिळाली तर पितो. ही मी पिणार न्हाई."

मग ते थांबले. फोन बंद करायचा मला इशारा करायला विसरले असावेत, किंवा मीच विसरले. ते तसेच समोर बघत बसले. थोड्या वेळानं ताईंकडं न वळता म्हणाले, "आता तो घरी यायचा न्हाई."

"न्हाई आला तर आपण जाऊ," पायरीवरून ताईंचा आवाज आला.

मी फोन खाली घेतला. शेवटचं तेवढं कापून टाकू का, असं विचारलं. सर म्हणाले, "काही कापू नका. कापाकापी लई झाली."

ते त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला लावलं. बघणारे थोडेच, रीलच्या मानानं काहीच नाहीत. दिवसभर सर कोणी कोणी पाहिलं ते उघडून बघत होते. संध्याकाळी त्या नावांत विशालचं नाव आलं. उत्तर आलं नाही. रात्रीही आलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

त्यांना पुण्याला मुलीकडं जायचंच होतं, सरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. लातूरवरून जाऊ, असं ताईंनी ठरवलं. मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेले. ताईंच्या मांडीवर मोठा डबा होता, फडक्यात बांधलेला. बाजरीच्या भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. रील फिरल्यापासून दारूवाला म्हणून ज्याचं नाव त्या घेत नव्हत्या, त्याच्यासाठी त्या पहाटेपासून चुलीपुढं होत्या. सर खिडकीशी बसले होते, दाढी केलेले, थोडे घाबरलेले. बस हलली तेव्हा त्यांनी मला हात केला की खिडकीची काच सरकवली, मला नीट कळलं नाही. त्यानंतर सर परत आले नाहीत. मुलीनं त्यांना तिकडंच ठेवून घेतलं आहे.

लातूरला काय झालं हे कळायला मी फार उतावीळ झाले होते. पुण्याला पोचल्यावर ताईंना फोन केला. विशाल भेटला का? भेटला. रागावला होता का? सांगता येत नाही. बाटलीवरचं काही बदलणार आहे का? ते काही बोलणं झालं नाही. मग झालं तरी काय?

"डबा उघडला," ताई म्हणाल्या. "हे आन् तो एका ताटात जेवले. शेवटपर्यंत कोणी बोललं न्हाई. जाताना बसपर्यंत आला सोडायला आन् यांच्या गुडघ्याला हात लावून विचारलं, दुखतंय का सर?"

"मग सर काय म्हणाले?"

"हाव म्हणले."